नदीकडचा खांब

शैलाताई, वारा सुटला की मी अजूनही आधी मागच्या दाराकडे धावते. गॅस बंद करून, हात पदराला पुसत जाते, कडी हातात येते आणि मग लक्षात येतं की तिकडे आता कोणी बसलेलं नाही. तशीच उभी राहते थोडा वेळ. हेमंत म्हणतो, काही दिवस होणारच असं. तो तुमचा भाऊ, त्याला म्हणायचा हक्क आहे. मी भावजय. नणंदेसाठी भावजयीने किती रडायचं, याचं माप काही कोणी ठरवून दिलेलं नाही. त्यातून आपल्या दोघींचं सगळं नातंच वाद घालण्यात गेलं. म्हणून रडत बसण्याऐवजी हे लिहायला घेतलंय. आपला एक वाद अर्धा राहिलाय, आणि तो मला एकटीला सोडवत नाहीये.

तुम्ही ठाण्याचा फ्लॅट बंद करून कल्याणजवळ मोहन्याला आमच्याकडे आलात ते मागच्या दिवाळीनंतर. फुफ्फुसं कडक होत चालली आहेत, ती पुन्हा मऊ होणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलेलं. वागळे इस्टेटमधल्या कंपनीत तुम्ही जन्मभर मशीनची ड्रॉइंग्ज काढलीत, एकटीने राहिलात, कोणाकडून साधी भाजीसुद्धा आणवून घेतली नाहीत. आणि आता नाकात ऑक्सिजनची नळी घालून धाकट्या भावाच्या बैठ्या घरात यायचं. तुम्हाला ते जड गेलं. खरं सांगायचं तर मलाही धास्ती होती. तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात आल्या आल्या पहिलं वाक्य बोललात ते, "वैशाली, हा डबा इथे उलटा का?" मी मनात म्हटलं, झालं.

पण डबा, पंखा, पेपर कोणी आधी वाचायचा, हे वाद निभावले. निभावत नव्हतं ते खोलीत बसणं. ऑक्सिजनचं मशीन चालू असायचं, खिडक्या सताड उघड्या असायच्या, तरी तुम्ही म्हणायचात की भिंती जवळ येतायत. मग उठून मागच्या अंगणात खुर्ची टाकायचात. मशीन खोलीच्या खिडकीशी आणि लांब नळी खिडकीतून बाहेर. समोर कुंपणापलीकडे नदी. उन्हाळ्याआधीच नदी जलपर्णीने हिरवी झाली होती. तुम्ही म्हणायचात, ही नदी नाही, हे कोणीतरी पाणी घातलेलं लॉन आहे. तिकडे बघत बसलात की तुमचा श्वास खाली यायचा, हे मी रोज बघत होते. डॉक्टरही म्हणाले, बसू द्या, फक्त ऊन लागू देऊ नका.

त्यावर तुम्ही कोणालाही न विचारता उपाय काढलात. एका सकाळी चहा पिताना म्हणालात, गझिबो मागवलाय. मला ते काय असतं तेच कळलं नाही. हेमंत म्हणाला, अगं, मांडव. तुम्ही त्याच्याकडे असं बघितलंत, की पुढे त्याने तो शब्द घरात काढला नाही. रविवारी खोका आला. घडीचे पाय, वर पांढरट कापड, जमिनीत ठोकायला प्लास्टिकच्या खुंट्या. आम्ही तो उभा करेपर्यंत शेजारच्या म्हात्रेकाकू भिंतीवरून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "कोनाचा लगीन हाय गो?" तुम्ही इतक्या हसलात की खोकल्याची उबळ आली आणि मला नळी तपासावी लागली.

तो फार दिवस टिकला नाही. एका दुपारी तुम्ही आत बाथरूमला आलेलात, मी तुमच्या मागे नळी सावरत होते. बाहेर नदीकडून एक झोत आला. मोठा आवाजही झाला नाही. खिडकीतून बघितलं तर अंगणात तुमची खुर्ची तेवढी होती. गझिबो म्हात्रेकाकूंच्या शेवग्यावर जाऊन बसलेला, एक पाय मोडून खाली लोंबत होता. मी नळी सोडून तुमचा दंड धरला, कारण थोड्या वेळापूर्वी तुम्ही त्याच्याखाली होतात. तुम्ही मात्र खिडकीच्या गजाला धरून शांतपणे बघत होतात, एखाद्या चुकलेल्या ड्रॉइंगकडे बघावं तसं.

मला वाटलं विषय संपला. मी म्हटलं, एक मोठी छत्री आणू. किंवा फारच हवा असेल तर असाच दुसरा आणून पायांना पाण्याने भरलेले ड्रम बांधू. तेव्हा तुम्ही मला जे ऐकवलंत ते आता मला पाठ आहे.

"वारा त्याला ढकलत नाही, वैशाली. तो खालून शिरतो आणि उचलतो. उचलायला लागला की ड्रमसकट उचलेल. वजन नको, मुळं हवीत."

मग शहाडहून फॅब्रिकेटर आला. तुम्ही त्याला खुर्चीवर बसून, मध्ये मध्ये श्वासाला थांबत, सगळं सांगितलंत. अॅल्युमिनियम नको, लोखंडी पाइपचे चार खांब. छप्पर उतरतं, आणि वर मध्यभागी छोटं दुसरं छप्पर, दोन्हींमध्ये फट, म्हणजे आत शिरलेल्या वाऱ्याला वरून निघून जायला वाट. बाजूंना भिंती नाहीत, जाळ्याही नाहीत. प्रत्येक खांबाखाली खोल खड्डा, त्यात काँक्रीट, काँक्रीटमध्ये बोल्ट आणि बोल्टवर खांबाची पत्र्याची बैठक. तो मान डोलवत राहिला. मी दारात उभी होते आणि मला राग येत होता, पण कशाचा ते सांगता येत नव्हतं.

रात्री जेवणं झाल्यावर हेमंतला स्वयंपाकघरात म्हटलं, एवढं पक्कं कशाला, वापरायचं ते किती दिवस. हळू बोलले होते. पण तुमचे कान तुमच्या फुफ्फुसांइतके दमलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तुम्ही खुर्चीवर. तुम्ही सरळ विचारलंत, "मी गेल्यावर हे इथे उभं राहील, याची तुला भीती वाटते ना?" मी म्हटलं, काहीतरीच काय ताई. आणि रिकामी बादली घेऊन आत गेले. तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत.

खड्डे खणायला घेतले आणि नदीकडच्या कोपऱ्यात पहार जुन्या सेप्टिक टँकच्या पाइपाला लागली. खोल जाता येईना. फॅब्रिकेटर म्हणाला, सगळाच गझिबो बाथरूमच्या भिंतीकडे सरकवू. मी लगेच हो म्हटलं. तुम्ही नाही म्हणालात, कारण तिथून नदी दिसत नव्हती. मग तुम्ही ठरवलंत की त्या एका खांबाखाली खोल खड्ड्याऐवजी काँक्रीटची रुंद लादी ओतायची, आत लोखंडी जाळी घालून. खोली मिळत नसेल तर रुंदी घ्यायची, असं म्हणालात. मी विचारलं, आणि लादीसकट उचलला गेला तर? तुम्ही म्हणालात, नाही जाणार. मी म्हटलं, हे तुम्ही कशावरून सांगता? तुम्ही म्हणालात, "हिशोबावरून. तू कशावरून विचारतेस?" मी कशावरून विचारत होते ताई? भीतीवरून. पण ते काय उत्तर झालं?

गझिबो उभा राहिला. हिरवा ऑइलपेंट लागला. तुमची खुर्ची, छोटं टेबल, माझ्यासाठी स्टूल, मी आणलेली उशी. शाळेत शिकवून आले की मी आधी अंगणात जायचे आणि नदीकडचा खांब हाताने गदागदा हलवून बघायचे. तुम्ही पेपराआडून म्हणायचात, हलवून हलवून तूच सैल करशील. मी चहा आणायचे. तुम्ही पाचवीचे गणिताचे पेपर माझ्याबरोबर तपासायचात आणि माझ्यापेक्षा कडक मार्क द्यायचात. हे दिवस चांगले होते. तेव्हा मला ते तसे वाटले नव्हते, कारण माझा एक कान कायम वाऱ्याकडे असायचा.

मग मे महिन्यातली ती दुपार. माझी सुट्टी चालू होती. हवा अशी कोंडलेली की झाडाचं पान हलत नव्हतं. तुम्ही टेबलावर कैऱ्या घेऊन बसलेलात, साखरांब्यासाठी फोडी करत. ऊन तिरपं होऊन तुमच्या पायांवर आलं. बाजू मोकळ्या ठेवायच्या हा नियम तुमचाच, पण त्या दिवशी तुम्हीच म्हणालात, नदीकडे ताडपत्रीचा पडदा बांध, पाय भाजतायत. मी चारी टोकांना नायलॉनच्या दोरीने घट्ट गाठी मारल्या.

आत येऊन पाणी पितेय तोच हेमंतचा फोन आला. ऑफिसची बस शीळफाट्याला अडकलेली. तो म्हणाला, इकडे धुळीने काही दिसत नाही, होर्डिंगचे पत्रे उडतायत, ताईला आत घे. मी फोन ठेवला आणि उजेड पिवळा झाला. त्याच क्षणी लाइट गेली. तुमच्या खोलीतून मशीनचा तो एकसुरी ओरडा सुरू झाला, वीज तुटली की करतं तो.

सिलिंडर तुमच्या पलंगाशी होता, चाकांच्या गाडीवर. मी तो ओढत मागच्या दाराशी आणला तेव्हा वारा येऊन पोचलेला. धूळ, पानं, कोणाचा तरी टॉवेल. आणि पडदा. तो पडदा फुगून इतका ताठ झाला होता की छप्पर त्या बाजूने वर ओढल्यासारखं दिसत होतं. तुम्ही खुर्चीचे हात धरून बसलेलात, तोंड उघडं, खांदे वरखाली होत होते. मी गाडी ओढत तुमच्यापर्यंत आले आणि मागे काहीतरी धाडकन पडलं. म्हात्रेकाकूंच्या शेडचा पत्रा भिंतीवरून येऊन दाराच्या आणि आपल्यामध्ये आपटला होता. तो तिथेच कडेवर उभा राहत होता, परत पडत होता. तुम्हाला उचलून आत न्यायचा विचार तिथेच संपला.

तुमचे ओठ निळसर झाले होते. मी नळी सिलिंडरला लावायला गेले तर तुम्ही माझा हात बाजूला सारलात आणि पडद्याकडे बोट दाखवलंत.

"आधी तो," तुम्ही म्हणालात. "काप."

मी ऐकलं नाही. आधी नळी लावली. चावी फिरेना, हाताला घाम, वरून धूळ. शेवटी फिरली आणि हवा येतेय हे बोटाला कळलं. मग टेबलावरची कैरीची सुरी घेतली. खालची एक दोरी कापली, ताडपत्रीचं टोक सुटून माझ्या कानशिलावर बसलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसरी कापली. वरच्या दोऱ्यांपर्यंत हात पोचेना म्हणून स्टुलावर चढले. तुम्ही एका हाताने माझ्या कुडत्याचा घेर मुठीत धरलात, जणू तुमच्या त्या ताकदीने मी पडायची थांबणार होते. शेवटची दोरी तुटली आणि ताडपत्री कुंपणावरून नदीकडे गेली. पुन्हा सापडली नाही.

पण खांब थरथरतच होता. मी स्टुलावरून उतरून त्याला मिठी मारली. पाय लादीवर रोवले, सगळं वजन खाली टाकलं. आणि मला तो उचलला जाताना जाणवला, ताई. शपथेवर सांगते, तळव्यांना जाणवला. तुम्ही म्हणत होतात, सोड, इकडे ये. मी सोडला नाही. किती वेळ गेला माहीत नाही. वारा पडला, पाऊस आला, तोही थांबला. आपण दोघी चिंब, टेबलावरच्या कैऱ्या अंगणभर पसरलेल्या.

तुम्ही श्वास जुळवून पहिलं काय बोललात? "बघ. राहिला."

मी म्हटलं, "मी धरला म्हणून."

तिथून तो वाद सुरू झाला. भेटायला येईल त्याला आपण दोघी आपापली बाजू सांगायचो. तुम्ही म्हणायचात, लादीने धरला. मी म्हणायचे, लादी उचलली जात होती, मी वर उभी होते म्हणून बसली. तुम्ही म्हणायचात, तुझं वजन केवढं आणि वाऱ्याची उचल केवढी, काहीतरी बोलू नकोस. म्हात्रेकाकू माझ्या बाजूने होत्या. डॉक्टर हसायचे, बाजू घ्यायचे नाहीत. पावसाळ्यात तुमचं बाहेर बसणं कमी झालं, मग बोलणंही तुटक झालं. पण कोणी विषय काढला की तुम्ही उशीवरून मान हलवून नाही म्हणायचात. मला ते बरं वाटायचं. वाद घालण्याइतका श्वास अजून आहे, असं वाटायचं.

गणपती गेले आणि तुम्हाला कल्याणच्या हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. काचेच्या दारापलीकडे एकावेळी एकालाच सोडायचे. मी आत आले तेव्हा तुम्ही मास्क थोडा बाजूला केलात. मी म्हटलं, राहू द्या, बोलू नका. तुम्ही बोललात.

"खांब तूच धरलास, वैशाली. नाहीतर गेला असता."

मला आधी आनंद झाला. खोटं कशाला सांगू, अगदी शाळकरी मुलीसारखा आनंद झाला. आणि बाहेर येऊन बाकावर बसल्यावर तो ओसरला. तुम्ही आयुष्यात कोणापुढे कसली हार मानली नव्हतीत. हेमंतला मी काही बोलले नाही, पण तुम्ही घरी येणार नाही हे मला तेव्हाच कळलं. तुम्ही आला नाहीत.

तेराव्याला सगळे जमले, अलिबागकडचे, डोंबिवलीचे. मी येईल त्याला तुमचं ते वाक्य सांगितलं. शैलाताईंनी शेवटी मानलं बघा, असं म्हणत होते. हेमंत वाढता वाढता थांबला आणि बाहेर गेला. मला वाटलं त्याला भरून आलं असेल.

पाहुणे पांगले. गेल्या आठवड्यात मी त्याला म्हटलं, नदीकडच्या खांबाची लादी फोडून नीट करून घेऊ, तुझ्या बहिणीने शेवटी कबूल केलंय. त्याने मला खाली बसवलं. मग त्याने सांगितलं. वादळाच्या दुसऱ्या दिवशी, मी बाजारात गेलेले तेव्हा, तुम्ही त्याला खांबाशी बसवून बघायला लावलेलंत. खांबाची बैठक आणि लादी यांच्या सांध्यावरून ऑइलपेंट लावलाय, तो कुठे तडकलाय का, नटांभोवती सुटलाय का. त्याने चारी बाजूंनी बघितलं. कुठे रेघसुद्धा नव्हती. लादीभोवतीची मातीही सुटलेली नव्हती. खांब केसभरही उचलला गेला नव्हता. जो हलत होता तो वरचा पाइप, आणि पाइप वाऱ्यात हलणारच.

त्याने तुम्हाला तसं सांगितलं. तुम्ही म्हणालात, तिला सांगू नकोस. त्याने विचारलं, का? तुम्ही म्हणालात, "खांब हलला नाही, हे मला माहीतच होतं. पण ती धरून उभी होती. ते काय खोटं आहे?"

मी उठून अंगणात गेले. उकिडवी बसून स्वतः बघितलं. हिरवा पेंट सांध्यावरून सलग गेलाय, नटांवर त्याचे ओघळ तसेच वाळलेले. मला पहिल्यांदा तुमचा भयंकर राग आला, ताई. सगळ्या नातेवाइकांसमोर मी मिरवले आणि तुम्ही मला मिरवू दिलंत. मग हळूहळू दुसरं ध्यानात आलं. एवढे महिने तुम्ही माझ्याशी भांडलात आणि पुरावा हाताशी असून एकदाही पुढे केला नाहीत. एका शब्दात मला गप्प करता आलं असतं. तुम्ही नुसती मान हलवत राहिलात, म्हणजे वाद चालू राहील. आणि श्वास संपत आल्यावर जिंकलेला वाद मला देऊन गेलात. हे असं कोणी करतं का? आता मी हा परत कोणाला करू?

तुम्ही कपडे वाळत घालताना विचारलेलं, त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. हो. मला तीच भीती वाटत होती. तुम्ही जाल, आणि ही खुर्ची, हे चार खांब रोज माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत राहतील, आणि मला ते बघवणार नाहीत. कापडाचा असता तर घडी करून माळ्यावर टाकला असता. तुम्ही तो जमिनीत रोवलात. आता दिसतो रोज. बघवतं की नाही ते अजून नीट सांगता येत नाही. हेमंतने विचारलं, काढायचा का? मी नको म्हटलं. लादीही फोडायची नाही म्हटलं.

काल दुपारी परतीच्या पावसाआधीचा वारा सुटला. नदीवरची जलपर्णी एका बाजूला सरकत गेली, म्हात्रेकाकू कपडे काढायला धावल्या. मी दाराची कडी काढली आणि या वेळी थांबले नाही. गझिबोत जाऊन तुमच्या जागी बसले. तुम्ही गेल्यापासून तिथे कोणी बसलं नव्हतं. छप्पर घुमायला लागलं, वरच्या फटीतून शीळ यायला लागली, नदीकडचा पाइप माझ्या हाताच्या अंतरावर थरथरत होता. प्रत्येक झोताला माझं अंग उठायला बघत होतं. हात मांडीवर ठेवले, एकात एक गुंतवून. वारा पडेपर्यंत उठले नाही.